वऱ्हाडचा रोडगा

भाकरी म्हटली कीं तवा हवाच. परंतु अमरावतीजवळच्या भातकुली भागांत तव्यावांचून, किंबहुना भांड्यावांचूनच, भाजला जाणारा एक पदार्थ आहे. त्यास रोडगा म्हणतात. नवस फेडावयाचा असो वा हिवाळ्यांत शेतावर पंगत बसावयाची असो, मान रोडग्याचा.

जाडसर दळलेल्या कणकेंत मीठ, ओवा आणि तेलाचें मोहन घालून ती घट्ट मळतात. लहान पोळ्या लाटून, तेलाचा हात फिरवून, एकींत दुसरी गुंडाळीत गोळा वळतात. खरी परीक्षा पुढेंच. गोवऱ्या पेटवून ज्वाळा पूर्ण शमूं द्यावयाच्या. उतावीळ माणसानें येथें हात घालूं नये. निखाऱ्यांवर फिरवून फिरवून गोळ्याचें कवच कडक झालें, कीं तो त्याच राखेंत पुरावयाचा. राख उष्णता धरून ठेवते व सावकाश सोडते. त्यामुळें बाहेरून न करपतां आंतले पदर शिजतात. मग राख झटकून, रोडगा फोडून त्यांत तूप ओतावें. जोडीला तुरीचें वरण व वांग्याची भाजी. हा पट्टा खारपाणाचा. विहिरीच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, म्हणून वरणासाठीं गोडें पाणी लांबून आणावें लागे.

आयर्लंडच्या खेड्यांतही जाड लोखंडी भांड्यांत पाव भाजीत आणि दलदलींतून कापून वाळविलेल्या पीटचे निखारे झांकणावर ठेवीत. तेथें ताक व सोडा यांनीं पीठ फुगे. हल्लीं कोणी रोडग्यांतही सोडा घालतात. तो अगदीं अनावश्यक. पदर सुटे राखावयास मोहन पुरेसें आहे.

पूर्वीं या गांवांत रोजची भाकर ज्वारीची, गहूं सणावारीं. म्हणून रोडग्याचें अप्रूप. गेल्या कांहीं दशकांत ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आलें. ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनच्या कुटारावर गुरें तसें अंग धरीत नाहींत. बैलांचें काम ट्रॅक्टर करूं लागला, गोठे रिते झाले आणि गोवरी विकत आणण्याची पाळी आली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें अनेक घरीं गॅस पोंचला. धुरानें डोळे चुरचुरणाऱ्या बायकांना तें मोठेंच सुख. त्याबद्दल कोणी हळहळूं नये. पण गॅसवर झांकून भाजलेला गोळा केवळ शिजतो, त्याला राखेची ऊब लागत नाहीं. म्हणून आतां रोडग्यांचा बेत ठरला, कीं कणकेच्या व तुपाच्याही आधीं प्रश्न निघतो तो गोवऱ्यांचा.