दीनबंधू अँड्र्यूज आणि गिरमिटाचा अंत

उपदेशकाने परलोकाविषयी बोलावे आणि इहलोकीच्या अन्यायाची चिंता राज्यकर्त्यांवर सोपवावी, ही वाटणी जगाला नेहमीच सोयीची वाटत आली आहे. ती न मानणाऱ्या ख्रिस्ती उपदेशकांत चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे स्थान मोठे आहे. केंब्रिज मिशनचे हे धर्मगुरू १९०४ मध्ये दिल्लीस आले आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले.

त्या काळी फिजी बेटांतील उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर पाच वर्षांच्या कराराने जखडलेले असत. ‘अ‍ॅग्रीमेंट’ ह्या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. नेमून दिलेले काम अपुरे राहिले, तर मजुराला दंड किंवा तुरुंगवास भोगावा लागे. भरती शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया ह्या प्रमाणात होई. त्यात घरसंसार कसा टिकावा? ही पद्धत बंद करावी, असा ठराव नामदार गोखले यांनी १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. तो नामंजूर झाला.

१९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले. त्याच वर्षी अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी विल्यम पिअर्सन फिजीस गेले. आपला शेजारी कोण, ह्या शुभवर्तमानातील प्रश्नाचे उत्तर अँड्र्यूज यांनी मजुरांच्या वस्तीत शोधले. त्यांना धर्मांतराचा उपदेश करण्यासाठी ते गेले नव्हते; त्यांची हकीकत ऐकण्यासाठी गेले होते. उपदेशाची खरी गरज होती ती ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या सत्ताधाऱ्यांना. तो उपदेश अँड्र्यूज यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तुस्थितीच्या भाषेत केला. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा व पिअर्सन यांचा अहवाल हेच त्यांचे प्रवचन होय.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांचा गिरमिटविरोधी ठराव व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. परंतु आधीच करारात अडकलेल्यांची सुटका व्हावयाची होती. म्हणून अँड्र्यूज त्या वर्षी पुन्हा फिजीस गेले. अखेर १ जानेवारी १९२० रोजी तेथील उरलेले करारही रद्द झाले.

हे यश एकट्या अँड्र्यूज यांचे नव्हे. देशभर उठलेल्या लोकमताचा त्यात मोठा वाटा होता. मात्र करुणेला चौकशीची, पुराव्याची आणि चिकाटीची जोड दिल्यावाचून ती दुःखिताच्या उपयोगी पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. लोकांनी त्यांना ‘दीनबंधू’ म्हटले, ते ह्याच कारणाने.