भारतातील यहुदी समाजाचे काही दिवंगत

मृतांचे स्मरण कसे करावे, याची प्रत्येक समाजाची आपापली रीत असते. हिंदूंच्या घरी तिथी पाळली जाते आणि पितरांसाठी पान वाढले जाते. ख्रिस्ती कुटुंबे नोव्हेंबरच्या आरंभी आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. यहुदी समाजात वर्षश्राद्धाच्या दिवशी दिवा तेवत ठेवतात, कबरीवर फुलांऐवजी लहानसा दगड ठेवतात आणि ‘कद्दीश’ नावाची प्रार्थना म्हणतात. या प्रार्थनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ती मृतासाठी म्हटली जाते खरी. पण तिच्यात मृत्यूचा एकही शब्द नाही आणि मृताचे नावही नाही. आहे ती केवळ ईश्वराच्या नामाची थोरवी. दुसरे वैशिष्ट्य असे की, परंपरेनुसार ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ पुरुष एकत्र जमावे लागतात, तेव्हाच ती म्हटली जाते. शोक घरातला असला तरी स्मरण हे सर्व समाजाचे कार्य आहे, असा त्या नियमाचा आशय.

भारतातील यहुदी समाजापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो या दहाच्या संख्येतूनच निघालेला आहे. १९५१ च्या सुमारास या देशात पंचवीस हजारांच्या आसपास यहुदी राहत होते. पुढील काही दशकांत त्यांतील बहुसंख्य इस्राएलमध्ये व अन्य देशांत गेले. आज येथे उरलेल्यांची संख्या पाच हजारांच्या आगेमागे आहे, आणि तीही मुख्यतः मुंबई व ठाणे परिसरात. कोकणातल्या कित्येक गावी सिनेगॉग आहे, दफनभूमी आहे. परंतु शब्बाथच्या प्रार्थनेला दहा माणसे मिळणे अवघड झाले आहे. ज्या गावी दहा जण जमत नाहीत, त्या गावच्या मृतांचे स्मरण कोणी करावे?

महाराष्ट्रातील यहुदी म्हणजे बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी गलबत फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांची प्रेते वाचलेल्यांनी तेथेच पुरली, असे परंपरा सांगते. त्या ठिकाणी आज स्मारकस्तंभ उभा आहे. म्हणजे या समाजाच्या इतिहासाचे पहिले पानच मृतांच्या स्मरणाचे आहे. पुढे ही मंडळी कोकणच्या गावोगाव पसरली. कोणी पेणकर झाले, कोणी रोहेकर, कोणी दिवेकर, अष्टमकर, किहीमकर, चेऊलकर. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. शतकांच्या ओघात हिब्रू भाषा त्यांच्या जिभेवरून गेली आणि मराठी ही त्यांची मायबोली झाली; परंतु ‘शेमा’ हे एकेश्वराची ग्वाही देणारे वचन ते विसरले नाहीत. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर या समाजाने आपली ओळख टिकविली. एकोणिसाव्या शतकात बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने रचून ती गाणारे कीर्तनकारही याच समाजात झाले.

गेल्या पाव शतकात भारतीय यहुद्यांपैकी ज्या व्यक्ती काळाच्या पडद्याआड गेल्या, त्यांतील काहींची चरित्रे पाहिली म्हणजे या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते.

निस्सिम इझिकेल ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांचा जन्मही मुंबईचाच, १९२४ मधला. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालविणाऱ्या. तरुण वयात ते तत्त्वज्ञान शिकण्यासाठी लंडनला गेले. १९५२ मध्ये मायदेशी परतताना भाड्याला पैसे नव्हते, म्हणून मालवाहू जहाजावर खलाशाची कामे करीत त्यांनी प्रवास केला. त्याच वर्षी त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवींना अलंकारांच्या गुंगीतून बाहेर काढून साध्या, नेमक्या आणि शहरी बोलीजवळच्या भाषेकडे वळविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. आईला विंचू चावतो आणि शेजारपाजारचे लोक रात्रभर भोवती जमतात, या प्रसंगावरील त्यांची कविता शाळा-कॉलेजांतील हजारो विद्यार्थ्यांनी अभ्यासली आहे. १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८८ मध्ये ‘पद्मश्री’.

मराठी वाचकांच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक कार्य मोलाचे आहे. बेळगावी राहून ज्यांनी मराठी भावकवितेला आपला स्वतंत्र स्वर दिला, त्या इंदिरा संत यांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद वृंदा नाबर यांच्या सहकार्याने इझिकेल यांनी केले. नव्या कवींची हस्तलिखिते वाचून त्यांवर सविस्तर अभिप्राय देणे, हा तर त्यांचा नित्यक्रमच होता. कित्येक कवींना त्यांचा हात धरून पहिली वाट दिसली. आप्त आणि ज्ञातिबांधव दूरदेशी जात असताना याच शहरात राहण्याचा निर्धार त्यांनी केला होता आणि तो कवितेतून सांगितलाही होता. अखेरच्या वर्षांत मात्र स्मृतिभ्रंशाच्या व्याधीने त्यांना घेरले. ज्याने शहराच्या बारीकसारीक खुणा शब्दांत जपून ठेवल्या, त्यालाच आपल्या ओळी आठवेनाशा झाल्या. त्या ओळी आठविण्याचे काम तेव्हापासून वाचकांकडे आले.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, अहमदाबादच्या विदुषी एस्थर सॉलोमन यांचे देहावसान झाले. गुजरातेत स्थायिक झालेल्या यहुदी समाजात १९२७ साली जन्मलेल्या या बाईंनी संस्कृत दर्शनशास्त्रांच्या अध्ययनात आयुष्य वेचले आणि गुजरात विद्यापीठाच्या संस्कृत विभागाची धुरा वाहिली. अविद्येच्या संकल्पनेवरील त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सांख्यकारिकेवरील टीकांचा त्यांनी तौलनिक अभ्यास केला आणि जेसलमेरच्या जैन ग्रंथभांडारातील हस्तलिखितांवरून अप्रसिद्ध वृत्ती संपादून प्रकाशात आणल्या. सांख्यांचा ग्रंथ, तो जपला जैनांनी आणि त्याची पाने उलगडली एका यहुदी स्त्रीने! भारतीय विद्येची परंपरा कोणा एका ज्ञातीची मिरास नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ आहे भारतीय वादपद्धतीवर. दोन खंडांच्या या ग्रंथात आपल्या पूर्वसूरींनी चर्चा कशी केली, तिचे नियम कसे बांधले, याचे विवेचन आहे. सत्य जाणण्यासाठी केलेली चर्चा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेली तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन तेवढे करणे ही वितंडा, हा भेद न्यायशास्त्राने फार पूर्वी सांगितला आहे. तो आजच्या पिढीपुढे साधार मांडून ठेवणे, ही सॉलोमन यांची देणगी होय. १९९२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले.

विद्वत्तेकडून शौर्याकडे वळले की प्रथम आठवतात व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन. कान्होजी आंग्र्यांनी उभारलेल्या परंपरेच्या आरमारात बेने इस्राएल मंडळींनी चाकरी केल्याचे समाजाच्या इतिहासात नमूद आहे. स्वतंत्र भारताच्या आरमारात तीच परंपरा सॅमसन यांनी पुढे नेली. १९१६ साली जन्मलेल्या या दर्यावर्दी अधिकाऱ्याने पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद भूषविले. १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय ताफ्याचे आधिपत्य त्यांच्याकडे होते. पुढे माझगाव गोदीचा कारभार त्यांनी सांभाळला. ज्या गोदीत एके काळी मुख्यतः जहाजांची दुरुस्ती होई, तेथे ‘निलगिरी’ ही युद्धनौका बांधली गेली. १९६८ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि १९७२ मध्ये ती आरमारात दाखल झाली. दुसऱ्याकडून जहाजे विकत घेणारे राष्ट्र स्वतःची जहाजे बांधू लागले, त्या स्थित्यंतराचा आरंभ तेथे झाला. सॅमसन २००८ मध्ये निवर्तले. भरतनाट्यम् नृत्यकलेत कीर्ती मिळविलेल्या लीला सॅमसन या त्यांच्या कन्या.

याच काळात मुंबईने आणखी एक व्यक्ती गमावली. बगदादहून आलेल्या यहुदी कुटुंबातील फ्लोरेन्स इझिकेल म्हणजेच चित्रपटसृष्टीतील नादिरा. १९५२ च्या ‘आन’मधील मानी राजकन्या आणि १९५५ च्या ‘श्री ४२०’मधील माया या भूमिकांनी त्यांना प्रसिद्धी दिली. १९७५ च्या ‘ज्यूली’मधील आईच्या भूमिकेबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले. नात्यागोत्याची माणसे परदेशी गेली, तरी त्या मुंबई सोडून गेल्या नाहीत. ९ फेब्रुवारी २००६ रोजी त्यांचे येथेच निधन झाले.

गोमंतकीयांना ज्यांचे नाव विशेष परिचित आहे, ते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब १३ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीत निवर्तले. कलकत्त्याच्या बगदादी यहुदी कुटुंबात ते जन्मले. युरोपात यहुद्यांवर होणाऱ्या अत्याचारांच्या वार्ता ऐकून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात शिरले. १९७१ च्या युद्धात ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुखांचे मुख्य साहाय्यक अधिकारी, म्हणजे ‘चीफ ऑफ स्टाफ’ होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी शरणागतीचा मसुदा घेऊन ते ढाक्याला गेले. शहरात तेव्हाही पाकिस्तानी सैन्याचे बळ मोठे होते. तरीही धीर न सोडता त्यांनी जनरल नियाझी यांच्यापुढे तो मसुदा ठेवला आणि त्याच दिवशी शरणागतीवर स्वाक्षऱ्या झाल्या. त्या युद्धात सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले.

रणांगणावरील या पराक्रमाची गाथा सर्वश्रुत आहे. परंतु गोमंतकाशी त्यांचा जो ऋणानुबंध जुळला, तो शांततेच्या काळातला आहे. १९९८ मध्ये ते गोव्याचे राज्यपाल झाले. पुढच्या वर्षी तेथे राष्ट्रपती राजवट आली, आणि त्या अवधीत सत्तरीतील म्हादई व सांग्यातील नेत्रावळी ही दोन अभयारण्ये घोषित करण्यात आली. दोहोंचे मिळून क्षेत्र चारशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. सह्याद्रीच्या कुशीतील ही अरण्ये म्हणजे गोव्याच्या नद्यांची माहेरघरे. सेनापतीचे स्मारक म्हणून शहरांतून पुतळे उभे राहतात. जेकब यांचे स्मारक सत्तरीच्या रानात वाहत्या पाण्याच्या रूपाने आहे. ते अविवाहित होते. दिल्लीत हुमायून मार्गावर यहुद्यांची लहानशी दफनभूमी आहे. तेथे त्यांना लष्करी इतमामाने चिरनिद्रा देण्यात आली.

या पाच जणांची चरित्रे शेजारीशेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. बेने इस्राएल आणि बगदादी यांच्या चालीरीती भिन्न, भाषाही भिन्न. परंतु आपले कार्य या सर्वांनी ज्ञातीच्या कुंपणात ठेवले नाही. कवीचे वाचक, विदुषीचे शिष्य, आरमारप्रमुखाचे खलाशी, अभिनेत्रीचे प्रेक्षक आणि सेनानीचे सैनिक हे बहुतांशी यहुदी नव्हतेच. अल्पसंख्य समाजाने स्वतःला जपावे की सर्वांत मिसळावे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. या मंडळींनी दोन्ही केले. आपले नाव, आपला शब्बाथ, आपला ईश्वर यांविषयी त्यांना कोणी कधी जाब विचारला नाही. या भूमीत यहुद्यांचा धर्मासाठी छळ झाला नाही, असे या समाजाचे वृद्ध कृतज्ञतेने सांगत आले आहेत. बहुसंख्य समाजाला ही प्रशस्ती खचित भूषणावह आहे. परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते.

ती अशी. जे गेले त्यांच्या कबरींपाशी उभे राहणारे हात कमी होत आहेत. कलकत्त्याच्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान सेवक करीत आले आहेत. तेथे दिवाबत्ती चालू आहे ती त्यांच्या निष्ठेने. अलिबागच्या इस्राएल आळीतील घरे ओस पडली, तरी आळीचे नाव गावाच्या तोंडी राहिले. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांनी तेथे ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. इकडच्या बोलीची आठवण त्यांनी तिकडे जपली. मग त्यांच्या येथे राहिलेल्या मृतांची आठवण इकडच्यांनी जपावी, हा व्यवहार रास्तच म्हटला पाहिजे. कोकणातील जुन्या दफनभूमींत हिब्रूच्या शेजारी मराठीत कोरलेले शिलालेख आहेत. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, शेवाळ चढते, अक्षरे पुसट होतात. गावची शाळा, ग्रामपंचायत, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक यांनी मनावर घेतले, तर त्या अक्षरांची नोंद करून ठेवणे अवघड नाही. त्यासाठी हिब्रू यावे लागत नाही. आपले मराठी वाचता आले तरी पुष्कळ झाले.

कद्दीश म्हणण्यास दहा जण लागतात, आणि ती म्हणण्याचा अधिकार त्या धर्माच्या अनुयायांचा आहे. परंतु कविता वाचण्यास, ग्रंथ उघडण्यास, अरण्य राखण्यास आणि कबरीवरील नाव स्वच्छ पुसून वाचण्यास अशी कोणतीही संख्या ठरलेली नाही. ते एकट्या माणसालाही करता येते.