आकाशातून भूमीचे वाचन

(मंडळाच्या ओतूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या निमित्ताने मी दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा झाली. मी मॅट्रिक झालेला साधा शिक्षक. जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, एवढाच माझा अधिकार. म्हणून त्याच भूगोलातून निघालेल्या एका विद्येविषयी बोलतो. सुदूर संवेदन व भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जी. आय. एस., असे तिचे नाव. बारावीनंतर मुलाला कोठे घालावे, ही चिंता घरोघरी आहे. आणि डॉक्टर व इंजिनीयर या दोनच दारांपुढे आपली गर्दी होते. शेतकऱ्याच्या मुलाला सहज साधेल असे हे तिसरे दार आहे, असे माझे मत आहे.

नाव नवे असले तरी काम जुनेच आहे. इ. स. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, जमिनीच्या मोजणीची व आकारणीची घडी बसवली. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आता मौज पाहा. सेंटिनेल-२ या नावाचे युरोपीय उपग्रह सुमारे आठशे किलोमीटर उंचीवरून जी चित्रे पाठवतात, त्यांतील एकेक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. तेहतीस फूट म्हणजे जवळजवळ दहा मीटरच. अर्थात आकाशातील तो ठिपका म्हणजे आपला गुंठाच होय! ही चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि त्यांना पैसा पडत नाही.

ती वाचायची कशी, हीच खरी विद्या. सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण उपग्रहाला दिसतात. जोमदार पीक हे किरण पुष्कळ परतवते, सुकलेले पीक कमी परतवते, आणि पाणी ते बहुतेक गिळून टाकते. यावरून कोणत्या शिवारात पिकाने मान टाकली आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणात पाणी कोठवर मागे हटले, हे कळते. मग ट्रेसिंग कागद एकावर एक ठेवावेत, तसे गट नंबर, माती, विहिरी, उतार व पाऊस यांचे थर संगणकात एकमेकांवर बसवतात. कोणत्या मातीतल्या विहिरी चैत्रात आटतात, असा प्रश्न विचारला की उत्तर नकाशावर उमटते. इ. स. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत सापडलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला गळ्यात यंत्र बांधून आपल्या माळशेज घाटात सोडले होते. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, हे अशाच नकाशावरून समजले.

परंतु या विद्येची खरी गरज आपणांस एका दुःखद दिवशी कळली. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर वार्ता पोहोचली. पावसाळ्यात आपल्या डोंगरांवर ढग बसलेले असतात. साध्या उपग्रहचित्रात केवळ पांढरा कापूस दिसतो. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात. अशी दोन रडारे असलेला 'निसार' उपग्रह भारत व अमेरिका यांनी मिळून श्रीहरिकोट्याहून सोडला, तो योगायोगाने ३० जुलै २०२५ रोजीच. दर बारा दिवसांनी तो त्याच भूमीवरून जातो आणि जमीन बोटभर सरकली तरी त्याच्या नोंदीवरून ताडता येते. पण नोंद आपण होऊन बोलत नाही. ती वाचणारा हवा, आणि तो डोंगर पायाखाली घातलेला हवा. पाण्याचे झरे कोठे फुटतात, कोणत्या उतारावर नवी भेग पडली, हे आपल्या मुलांना उपजतच ठाऊक असते. बाहेरच्याला ते वर्षानुवर्षे शिकावे लागते.

आता शिक्षणाविषयी. भूगोल, भूगर्भशास्त्र, शेती, स्थापत्य किंवा संगणक यांपैकी एका विषयाची पदवी घ्यावी व नंतर ही विद्या शिकावी. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हे शिक्षण देत आहे, आणि घरबसल्या संगणकावरून शिकण्याचे तिचे काही वर्ग विनाशुल्क असतात. पुण्यातही पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. क्यूजीआयएस हा संगणकाचा कार्यक्रम फुकट मिळतो. इ. स. २०२१ मध्ये सरकारने नकाशे तयार करण्यावरील जुनी बंधने सैल केल्याने खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले आहे. भूमिअभिलेख, वन, पाटबंधारे, पीकविमा, नगररचना, सर्वत्र नकाशा लागतोच.

पालकांना एक इशारा देतो. तीन महिन्यांत प्रमाणपत्र व हमखास नोकरी, अशा जाहिरातींवर जमीन गहाण टाकू नका. तेवढ्या शिक्षणावर दिवसभर पडद्यावर रेघा ओढण्याचे काम मिळते, आणि पगारही तसाच. ज्याने गणित, संख्याशास्त्र व संगणकाची एखादी भाषा यांची कास धरली, तोच पुढे जातो. आणि मुलीही या कामात मुलांइतक्याच शोभतील. त्यांना मागे ठेवू नका.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. सत्काराच्या शाली व नारळांवरील खर्च थोडा आवरून वाचनालयात दोन चांगले संगणक ठेवावेत आणि दरवर्षी एका होतकरू विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. त्या विद्यार्थ्याने पहिला नकाशा आपल्या तालुक्यातील धोक्याच्या उतारांचा करावा, एवढीच अट असावी. पूर्वजांनी ही जमीन कसली. तिचे रक्षण करण्याची विद्या पुढच्या पिढीने शिकावी, अशी माझी इच्छा आहे.