ऐकणाऱ्याचे डोळे

(केम येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा वाढविला आहे.)



अध्यक्षांनी मला ‘मोबाईल आणि आपली मुले’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. या विषयावर काय बोलायचे असते हे आपणा सर्वांना पाठ आहे. मुले बिघडली, डोळे गेले, अभ्यास बुडाला. हे सारे मीही गेली दहा वर्षे प्रत्येक पालक सभेत बोलत आलो आहे. आज मात्र आपली परवानगी घेऊन मी त्यातल्या एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. मोबाईलवरचे खेळ दाखविताना त्यांचे जे धावते समालोचन चालते, ती ही गोष्ट. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तसाच वाटत होता.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होता. मी जवळ गेलो तर दप्तरात मोबाईल, कानात तार. रीतीप्रमाणे मोबाईल माझ्या टेबलाच्या खणात गेला आणि वडिलांना चिठ्ठी गेली. चौकशीत कळले की चिरंजीव खेळत नव्हते, दुसरे कोणी खेळत होते आणि हे बघत होते. म्हणजे वाया जाण्यातही स्वतःचे कर्तृत्व नाही! मी त्याला तसे म्हणालोही. तो एवढेच म्हणाला, “सर, मी बघत नव्हतो, ऐकत होतो.”

ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री जेवणे झाल्यावर मी माझ्याच मोबाईलवर तो सामना लावला. ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या खेळाचा. पालकांच्या माहितीसाठी सांगतो. एका सामन्यात चौघाचौघांचे सोळा संघ, म्हणजे चौसष्ट खेळाडू एका मोठ्या बेटावर उतरतात. बेटावर एक वर्तुळ असते, ते हळूहळू लहान होत जाते, बाहेर राहील तो मरतो, आणि शेवटी जो संघ उरेल तो जिंकतो. आता चौसष्ट जण निरनिराळ्या ठिकाणी असताना पडदा एकच. त्यावर एका वेळी एकाच्याच पाठीमागून दिसते. पहिली दहा मिनिटे मला काही म्हणजे काही कळले नाही. कोणी घरात शिरतो, कोणी गाडी चालवतो, कोपऱ्यात नावे येतात आणि जातात.

मग मी चित्राकडे लक्ष देणे सोडले आणि बोलणाऱ्यांकडे दिले. दोघे जण होते, हिंदीतून बोलत होते. एक जण डोळ्यांसमोर घडेल ते वेगाने सांगणारा. दुसरा शांत, तो ‘का’ ते सांगणारा. तो म्हणाला की अमका संघ टेकडीवर सुखात बसला आहे, पण वर्तुळ नदीपलीकडे सरकले आहे. त्यांना आता उघड्या मैदानातून जावेच लागेल, आणि पलीकडच्या भिंतीआड दुसरा संघ वाट पाहत बसला आहे. एवढे ऐकल्यावर मीही वाट पाहू लागलो. मघापर्यंत जी नुसती बाहुल्यांची पळापळ होती तिच्यात आता काय होणार याची धाकधूक आली. ते चौघे टेकडी उतरले तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. सौभाग्यवतींनी विचारले, “कॉपी तपासताय ना?”

ही किमया चित्राची नव्हती. चित्र तर मला मघापासून दिसतच होते.

ही विद्या नवी नाही. १९२७ साली जानेवारी महिन्यात इंग्लंडात बीबीसीने प्रथमच रग्बी आणि पाठोपाठ फुटबॉल सामन्याचे वर्णन रेडिओवरून ऐकविले. बोलणारे गृहस्थ होते टेडी वेकलम. त्यांच्या समोर महायुद्धात दृष्टी गेलेल्या एका माणसाला आणून बसविले होते आणि वेकलमना सांगितले होते की तुम्ही या माणसाला सामना सांगा. याहून चांगला धडा माझ्या बी. एड.च्या पुस्तकांत नव्हता. लाखोंना उद्देशून बोलू लागलेला माणूस भाषण करतो. समोरच्या एकाला सांगू लागला की तो नीट सांगतो.

आपल्याकडे १९३४ साली मुंबईत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी क्रिकेटचे वर्णन रेडिओवरून केले. ते दिवसभर एकटे बोलत आणि माईक दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना मुळीच रुचत नसे. मराठीत ही वाट बाळ ज. पंडित यांनी पाडली. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. २०१५ साली ते गेले. षटक, धाव, झेल, यष्टी हे शब्द आज आपण सहज वापरतो. पण इंग्रजी शब्द तोंडात बसलेल्या काळात चेंडूच्या वेगाबरोबर हे शब्द बोलून ते शेतातल्या, एसटी स्टँडवरच्या, न्हाव्याच्या दुकानातल्या माणसाच्या कानी घालणे ही काही लहान गोष्ट नव्हती. समालोचकाला शब्द शोधायला वेळ नसतो, ते आधीच जिभेवर यावे लागतात.

माझे अब्बा १९७५ च्या हॉकी विश्वचषकाची गोष्ट अजून सांगतात. क्वालालंपूरला उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण १-२ ने मागे. वेळ संपत आलेली. पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि अस्लम शेर खान नावाचा भोपाळचा जवान पोरगा, बसवून ठेवलेला राखीव खेळाडू, मैदानात आणला गेला. त्याने गळ्यातल्या ताविजाचे चुंबन घेतले आणि गोल केला. जादा वेळेत आपण जिंकलो आणि पुढे अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक आणला. अब्बांनी यातले काहीही पाहिलेले नाही. तेव्हा आमच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता, स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानापुढे माणसे उभी होती. पण अब्बा ते सांगताना “मी पाहिले” असेच म्हणतात. जसदेव सिंग यांच्या आवाजाने पाहिले, एवढेच. अब्बांना ती चूक मी कधी दाखविली नाही.

आणि आपल्या भागात तर कुस्तीचे मैदान आहेच. जत्रेच्या फडात हलगी कडाडते, पैलवान सलामी देतात आणि मग खडाखडी सुरू होते. नवख्याला वाटते, दोघे नुसते हात झटकीत उभे आहेत. शंकर पुजारी यांच्यासारखे निवेदक हे हात झटकणे चालू असताना पैलवान कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, एकलांगीवर याचा हात कसा बसलेला आहे, हे सांगत राहतात. म्हणजे पुढे तो डाव पडला की मैदानातल्या दहा हजार माणसांना तो ओळखीचा वाटतो. मोबाईलच्या खेळातला तो ‘का’ सांगणारा माणूस मला या निवेदकाचाच धाकटा भाऊ वाटला.

एक गोष्ट कुस्तीचे निवेदक जाणतात आणि मोबाईलवरच्या पुष्कळ मंडळींना कळत नाही. पहिल्या मिनिटापासून किंचाळले की शेवटच्या मिनिटाला गळ्यात काही उरत नाही. आवाज राखून ठेवावा लागतो. घरी बसून मोबाईलवर खेळता खेळता जे बोलतात त्यांच्यापैकी कित्येकांच्या तोंडची शिवीगाळ ऐकून तर मी कान झाकले आहेत. मुलांनो, त्याला समालोचन म्हणत नाहीत. आणि पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की पैसे लावून खेळण्याचे खेळ वेगळे आणि स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स वेगळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पहिल्यावर बंदी आणली आहे आणि दुसऱ्याला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. मुलगा काय पाहतो हे विचारताना एवढा फरक तरी विचारावा.

आता आमच्या शाळेच्या क्रीडा दिनाकडे येतो. कबड्डीचा अंतिम सामना होता आणि माईक माझ्या हाती होता. मराठीचा शिक्षक, वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक! मी सुरुवात झोकात केली. पण तिसऱ्या चढाईपासून माझे शब्द संपले. “आणि ही चढाई... आणि पुन्हा चढाई... वा, छान!” दोन मुलांची नावे चुकली. ज्याला मी बाद केले तो मैदानात खेळत होता. गुण किती झाले ते सांगायचे राहूनच जात होते. लोक माझ्याकडे पाहीनासे झाले. इतक्यात मागून कोणी हळूच म्हणाले, “सर, डाव्या कोपऱ्यात दोघेच उरलेत. आता लोण चढेल.” वळून पाहतो तो आमचे मागच्या बाकावरचे चिरंजीव.

मी माईक त्याच्या हाती दिला. उदारपणे दिला असे म्हणणार नाही, सुटका म्हणून दिला.

त्याने पहिली गोष्ट केली ती गुण सांगितले. दुसरी, कोण कोठे उभा आहे ते सांगितले. मग म्हणाला, “दोघे उरलेत, आणि चढाईला येतोय तो तोच, ज्याची मघाशी पकड झाली होती.” बस्स. सारे मैदान गप्प झाले. कशाची वाट पाहायची हे आता सर्वांना कळले होते. घाईत त्याच्या तोंडून मधूनच घरचे शब्द निसटत, “पकड्या!” म्हणून तो ओरडला तेव्हा काही जण हसले. तो क्षणभर अडखळला. मला वाटले, बसला. पण तो “पकडला, पकडला, मध्यरेषेच्या अलीकडे पकडला!” असे म्हणत पुढे निघून गेला.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा अडखळण्याचा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. घरात एक बोली, मदरशात दुसरी, शाळेत तिसरी भाषा. वर्गात कोणी हसेल म्हणून आपली हुशार मुले उत्तर येत असूनही उभी राहत नाहीत, मुली तर नाहीतच. सी. के. नायुडूंची कन्या चंद्रा नायुडू यांनी १९७७ साली क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा त्या माईकपुढे बाईचा आवाज कोणाच्या कानाला सवयीचा होता?

त्या दिवशी मुलाचे वडील मैदानाच्या कडेला उभे होते. चिठ्ठीवरून मोबाईल न्यायला आले होते. ते कुंकवाच्या कारखान्यात कामाला आहेत. हाताच्या रेघांत रंग तसाच होता. सामना संपल्यावर म्हणाले, “सर, बोलला चांगला. पण बोलण्यानं पोट भरतं का?”

मी त्यांना खोटे सांगितले नाही. या धंद्यात जागा थोड्या आहेत. आयपीएलचे मराठीतूनही समालोचन ऐकू येऊ लागले, पण तेथे बहुतेक माजी खेळाडू बसतात. केदार जाधव तेथे मराठीतून बोलत होते आणि स्पर्धा अर्ध्यावर असताना बंगळूरच्या संघाने त्यांना खेळायला बोलावून नेले! मोबाईलच्या खेळांचे तर आज आहे ते उद्या असेलच असे नाही. हाच खेळ २०२२ साली स्टार स्पोर्ट्सवर दाखविला गेला आणि त्याच वर्षी सरकारी आदेशाने बंद झाला, तो २०२३ च्या मे महिन्यात परत सुरू झाला. असे असता मुलाने दहावी सोडून यामागे लागावे असे मी कसे म्हणू? “पोट भरेल की नाही ते मला ठाऊक नाही, भाई,” मी म्हणालो, “पण हा मुलगा वर्गात वर्षभर एक वाक्य बोलला नव्हता.” ते काही बोलले नाहीत. मोबाईल घेऊन गेले.

मुलाला मी एक गृहपाठ दिला. त्याच्या घरी नानी आहेत, त्यांना मोतीबिंदूमुळे फारसे दिसत नाही. वडील देतील तेवढी अर्धा तास मुदत, एक सामना, आवाज बंद करून, आणि तो नानींना सांगायचा. आठ दिवसांनी तो कुरकुरत आला. “सर, नानी पाच पाच मिनिटांनी विचारते, कौन मऱ्या रे? अपना की उनका?” मी म्हणालो, “मग तू सांगत का नाहीस?” तो विचारात पडला. खेळाडूंची नावे त्याला इतकी पाठ होती की कोण कोणाच्या बाजूचा हे सांगायचे त्याला सुचतच नव्हते. त्यानंतर त्याने वही केली. एका पानावर संघ, समोर नावे, त्याखाली मागच्या सामन्यात काय झाले ते. निबंधाच्या वहीपेक्षा तिचे अक्षर चांगले आहे, हे मी येथे जाहीरपणे नमूद करतो. नानींना आता टेकडीवरचा संघ आवडत नाही म्हणे. भित्रे आहेत, खाली उतरत नाहीत.

यंदाच्या क्रीडा दिनासाठी समालोचनाला पाच नावे आली आहेत. त्यांत दोन मुली आहेत. त्यांपैकी सातवीतली एक खो-खोच सांगणार म्हणून हटून बसली आहे. खो-खो सांगणे सर्वांत अवघड, कारण तेथे श्वास घ्यायला जागा नसते, हे मी तिला सांगून पाहिले. तिने ऐकले नाही. कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच की माईकची वायर या वेळी लांब आणावी. मागच्या वर्षी ती मैदानाच्या कोपऱ्यापर्यंतच पोचत होती आणि तेथून उजवीकडचे काही दिसत नाही.