वेस बंद करणारं गाव



इंग्लंडच्या डर्बीशायर भागातलं ईम हे गाव आम्ही पाहून आलो. डोंगरउतारावर दगडी घरं, दारापुढं फुलझाडं. गाव कसं चित्रासारखं! पण काही घरांवर पाट्या आहेत. त्या घरातलं कोण कोण प्लेगनं गेलं, त्यांची नावं तिथं लिहिली आहेत.

१६६५ मध्ये इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅनली या धर्मगुरूंनी गावाला समजावलं, की आजार शेजारच्या गावांत जायला नको. गावानं स्वतःला कोंडून घेतलं. शेजारचे लोक शिवेवर धान्य ठेवून जात. तिथल्या दगडाला खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी पैसे बुडवून ठेवत.

एलिझाबेथ हॅनकॉक या माउलीनं आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरं स्वतःच्या हातानं पुरली. शेतातल्या त्या कबरींपाशी आम्हाला कुणालाच बोलवेना.

गावातली सुमारे २६० माणसं गेली.

कोरोनात आपणही वेशीवर काटे टाकले होते, बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून. ईमनं वेस बंद केली, ती आपला आजार बाहेर जाऊ नये म्हणून.

त्या दिवसांत आपल्या गावातलं कोण गेलं, कुणी कुणाच्या दारात भाकरी ठेवली, हे कुठं लिहिलंय का? गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही घ्या आणि लिहायला बसा.