ओलसर जमिनींतील वृक्ष

मिरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि आसपास मिठागरांच्या सखल जमिनी. पावसाळ्यांत तेथें पाणी साचलें कीं मातींतील हवा निघून जाते व मुळें गुदमरतात. अशा अंगणांत हौसेनें लाविलेला गुलमोहर उथळ मुळांमुळें वादळांत माणसांवर कोसळण्याचें भय असतें. म्हणून आधीं ओल खारी कीं गोडी हें पाहावें. खारी असल्यास करंज, भेंड किंवा उंडी निवडावी. गोडी असल्यास अर्जुन वा जांभूळ. रोप मातीच्या उंचवट्यावर लावावें. खाडीकाठीं मात्र चिखलाबाहेर मुळें काढून श्वास घेणारा तिवर निसर्गानेंच लाविलेला आहे. तेथें कुऱ्हाड न चालविणें हेंच वृक्षारोपण होय.