खांबापाशी बसा

(रौप्यमहोत्सवी क्रीडासप्ताहाच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, ‘मैदानी खेळांचे फोटो’, आणि वर दटावलं, ‘काका, पंधरा मिनिटांत आटपा, नंतर वडापाव आहे.’ बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. वेळेची काळजी नसावी.

आधीच सांगतो, मी फोटोग्राफर नाही. स्टेडियममध्ये ती पांढरी तोफेसारखी लेन्स घेऊन बसलेली मंडळी तुम्ही टीव्हीवर बघता, तसली लेन्स माझ्याकडे कधी नव्हती, आजही नाही. तेव्हा मी बोलणार ते साध्या कॅमेऱ्याबद्दल आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलबद्दल.

१९७४ साली नोकरी लागली आणि पहिल्या दोन पगारांतून वाचवून मी आग्फा क्लिक थ्री घेतला. इथे साठीच्या पुढचे जे बसले आहेत त्यांच्या माना हलल्या, म्हणजे ओळख पटली. काळा डबा, १२० नंबरचा रोल, रोलमध्ये बारा फोटो. फोकस करायची भानगड नाही. ऊन की ढग एवढंच ठरवायचं. एक फोटो काढला की खुंटी फिरवत बसायचं आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. तेवढ्यात मैदानावर जे घडायचं ते घडून जायचं.

माझा थोरला भाऊ, दादा, खो-खो खेळायचा. चांगला खेळायचा. जिल्ह्यात त्याच्या खांबावरच्या सुराचं नाव होतं. नव्या कॅमेऱ्याचं उद्घाटन त्याच्या सामन्यानेच करायचं ठरवून मी मिरजेला गेलो. बारातले अकरा फोटो मी कसे उडवले ते ऐका: पाहुण्यांचं आगमन, पाहुण्यांना हार, नारळ फोडताना पाहुणे, दोन्ही संघ ओळीत, पुन्हा पाहुणे. दादाचा संघ पाठलागाला बसला तेव्हा माझ्याकडे एकच फोटो शिल्लक. दादाला खो मिळाला, तो सुटला, खांबाकडे आला, त्याने सूर मारला, गडी टिपला. टाळ्या पडल्या आणि मी बटण दाबलं.

आठवड्याने स्टुडिओतून रोल धुऊन आला. शेवटच्या फोटोत खांब आहे, धूळ आहे आणि कोपऱ्यात एक टाच आहे. टाच दादाची.

मी तोंड पाडून बसलो होतो. दादा हसला, म्हणाला, ‘अरे, तू मला बघून बटण दाबलंस. मला कशाला बघतोस? मी कुठे जाणार ते बघ. खो दिला नाही, तर मी खांबालाच येणार. मधून वळता येत नाही मला, नियम आहे. तू आधीच खांबापाशी येऊन बस की.’

खेळाच्या फोटोंबद्दल मला जे काही कळतं ते एवढंच आहे. बाकीचं मी पुढची चाळीस वर्षं नुसतं पडताळून पाहिलं.

आता थोडा हिशेब, कारण हिशेबाशिवाय मला बोलता येत नाही. जोरात पळणारा मुलगा सेकंदाला सहा-सात मीटर जातो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या एक पन्नासांश वेळ उघडा राहिला, तर तेवढ्यात तो बारा ते चौदा सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणून तो पुसट येतो. एक पाचशेअंश सेकंद घेतला तर सव्वा-दीड सेंटिमीटरच सरकतो, म्हणजे नाकडोळे शाबूत राहतात. साध्या कॅमेऱ्यात हा वेग नाही. मग काय करायचं? एक तर जिथे तो क्षणभर थांबतो तिथे त्याला गाठायचं. उंच उडीत वर जाणं संपून खाली येणं सुरू होण्याआधी एक क्षण असतो, बोलर चेंडू टाकण्यापूर्वी उडी घेतो तिच्यातही असतो. खो-खोत खांब हातात धरून अंग फेकण्याआधीचा एक क्षण असतो. दुसरं म्हणजे तो आपल्या समोरून आडवा पळण्यापेक्षा आपल्या दिशेने येईल असं बसायचं. आपल्याकडे येणारा माणूस फोटोत कमी पुसट येतो. आणि आडवाच जाणार असेल, तर कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायचा, बटण दाबतानाही फिरवणं थांबवायचं नाही. मग तो बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि मागची भिंत, स्कूटर, वाळत घातलेल्या चादरी सगळं वाहून गेल्यासारखं दिसतं. दहात एक जमतो. पण तो एक बघावा.

१९८३ मध्ये एका सहकाऱ्याकडून जुना रशियन झेनिट घेतला. वजनाला वरवंट्यासारखा. त्यात एक पाचशेअंश सेकंद होता, म्हणून मला वाटलं आता जग जिंकलं. पूर्व जर्मनीचा ओर्वोचा १२५ एएसएचा रोल भरायचा, लख्ख ऊन असेल तर छिद्र आठवर ठेवायचं आणि वेग पाचशेवर. प्रकाशमापकाची गरज नाही. लगेच बँकेच्या क्रिकेट सामन्याला गेलो आणि सीमारेषेवर बसून अख्खा रोल संपवला. छत्तीस फोटोंत हिरवळ. म्हणजे काळ्या-पांढऱ्यात राखाडी हिरवळ, आणि मध्ये मुंग्या. पुन्हा हिशेब केला. सहा फुटांच्या आत-बाहेरचा माणूस, साठ मीटर लांब, ५८ मिलिमीटरची लेन्स: २४ मिलिमीटर उंचीच्या निगेटिव्हवर तो जेमतेम पावणेदोन मिलिमीटर उमटतो. मॅनेजरसाहेबांनी त्या दिवशी अर्धशतक केलं होतं. फोटो दाखवल्यावर त्यांनी विचारलं, ‘यात मी कुठला?’ माझं प्रमोशन लांबलं ते त्याचमुळे असं मी म्हणत नाही.

तेव्हा लक्षात आलं की मोठ्या मैदानावरचं क्रिकेट हा साध्या कॅमेऱ्याचा खेळच नाही. कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा. खो-खोचं सत्तावीस बाय सोळा. रेषेपासून चार पावलं मागे बसलात तरी खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. आपल्या मातीतले खेळ खिशाला परवडतात असं आपण नेहमी म्हणतो. ते फोटो काढणाऱ्याच्याही खिशाला परवडतात, हे कोणी सांगत नाही.

क्रिकेटवाल्यांनी रागावू नये. १४ डिसेंबर १९६० ला ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजची कसोटी बरोबरीत सुटली, कसोटीच्या इतिहासातली पहिली टाय. जो सॉलोमनने बाजूने फेकलेला चेंडू थेट स्टंपवर लागला आणि मेकिफ धावबाद झाला. तो क्षण रॉन लोविट यांच्या फोटोत आहे. त्या घटकेला त्यांच्याजवळ एकच प्लेट उरली होती असं सांगतात. माझ्याजवळही एकच फोटो उरला होता. फरक एवढाच की ते दम धरून थांबले आणि मी हार-तुऱ्यांवर अकरा घालवून बसलो होतो.

आता मोबाइलकडे येतो, कारण रविवारी तुम्ही तोच घेऊन येणार. आधी लेन्स पुसा. हसू नका. निम्मे फोटो बोटाच्या तेलानेच धुरकट येतात. दोन बोटांनी ओढून लांबचं जवळ आणू नका, दाणे-दाणे दिसतात. त्यापेक्षा पाच पावलं पुढे चला. जिथे खेळ येणार आहे त्या जागेवर, म्हणजे आपल्या खांबावर, स्क्रीनवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस तिथे पक्का होतो. मग खेळाडू येईपर्यंत फोन शोधाशोध करत बसत नाही. लागोपाठ फोटो काढायची सोय असते. काहींत बटण दाबून धरायचं, काहींत बाजूला सरकवायचं. नातवंडांना विचारा. पण धरून ठेवायचं ते एक-दोन सेकंद. गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी अर्ध्या तासात नऊशे फोटो काढले आणि अजून त्यातले चांगले निवडताहेत.

बसून काढा. उभं राहून काढलेल्या फोटोत मुलांची डोकी आणि जमीन येते. गुडघे साथ देत नसतील तर प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, मीही तेच करतो. फ्लॅश बंद ठेवा, पळणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. आणि रेषेला चिकटून बसू नका. एकदा मी खांबाच्या फार जवळ बसलो आणि सूर मारणारा मुलगा थेट माझ्या मांडीवर आला. त्याला काही झालं नाही, पण गडी सुटला, आणि पंचांनी मला जे सुनावलं ते बरोबरच होतं. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी आईवडिलांना विचारा, हे कमिटीच्या वतीनेही सांगतो.

आणि टाळ्या पडल्यावर लगेच फोन खिशात घालू नका. बाद झालेली मुलगी रांगेत जाऊन बसते, गुडघ्यावरची माती झटकते, मैत्रिणीकडे बघत नाही. तिथे घाई नसते, कुठलाही कॅमेरा चालतो.

दादाचं राहिलं. मिरजेच्या त्या सामन्यानंतर महिन्याभरात त्याचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. तो खेळताना मी पुन्हा कधी फोटो काढू शकलो नाही, दुसऱ्या कोणी काढले होते असंही कळलं नाही. पुढे झेनिट घेतल्यावर एका शाळेच्या सामन्यात मी सकाळपासून खांबापाशी बसलो, फोकस खांबावर लावून ठेवला. एक काटकुळा मुलगा आला, खांब धरला, अंग फेकलं, आणि या वेळी मी त्याच्या आधी तयार होतो. फोटो आला. जसा यायला हवा होता तसा आला. पोस्टकार्डाएवढी प्रत करून मी दादाकडे घेऊन गेलो. त्याने चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. म्हणाला, ‘डावा हात चुकला पोराचा. थोडा खाली धरला असता तर अजून वीतभर लांब गेला असता.’ आणि उभ्या उभ्याच, एका हाताने दाराची चौकट धरून, मला दाखवायला लागला कसा धरायचा. वहिनी आतून ओरडल्या, ‘अहो, गुडघा!’

त्या दिवशी कॅमेरा माझ्या पिशवीत होता. रोलही होता. काढायचं सुचलं नाही.

दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुतण्याच्या घरी हॉलमध्ये त्याचे दोन फोटो आहेत. एक नेहमीचा, कोट घातलेला. दुसरा तो टाचेचा, मोठा करून घेतलेला. नवीन माणूस आला की विचारतो, हे काय आहे, आणि मग पुतण्याला सगळा सामना सांगावा लागतो. त्याने तो बघितलेला नाही, तरी चांगला सांगतो.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. रविवारी मुलींचा खो-खो साडेसातला आहे. ऊन सी विंगच्या बाजूने येतं, म्हणून पाण्याच्या टाकीकडच्या खांबापाशी, टाकीकडे पाठ करून बसा म्हणजे उजेड चेहऱ्यावर मिळेल. साडेनवानंतर डोळ्यांखाली सावल्या पडतात, तेव्हा बॉक्स क्रिकेटवाल्यांनी तक्रार करू नये. मी सव्वासातला स्टूल घेऊन येतो. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आपापलं स्टूल आणावं, माझं एकच आहे.